आद्य ताऱ्यांची धूळ व पार्श्वभूमी प्रारण

विश्वातील अगदी पहिल्या पिढ्यांच्या ताऱ्यांनी आपल्या अंतर्भागात जी जड मूलद्रव्ये तयार केली, त्यांच्या संघननाने बनलेल्या सूक्ष्म घन कणांना आद्य ताऱ्यांची धूळ असे म्हणता येईल. आकाशाच्या सर्व दिशांकडून जवळजवळ सारख्याच तीव्रतेने येणाऱ्या आणि कोणत्याही एका ताऱ्याशी वा दीर्घिकेशी निगडित नसलेल्या सूक्ष्मतरंगांना पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. या दोहोंच्या संबंधाचा प्रश्न दोन रूपांत पुढे आलेला आहे. पार्श्वभूमी प्रारण हे ताऱ्यांच्या प्रकाशाचेच धुळीने घडविलेले रूपांतर आहे काय, हा पहिला प्रश्न होय. तसे नसल्यास मुळात अन्य कारणाने उत्पन्न झालेल्या या प्रारणात धुळीने किती व कोणता फेरफार केला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर विश्वाला तप्त व घन अशी आद्य अवस्था होती की नव्हती, याचा निर्णय अवलंबून होता; त्यामुळे धुळीसारख्या वरवर गौण वाटणाऱ्या घटकाला विश्वस्थितिशास्त्रात मोठे महत्त्व प्राप्त झाले.

पार्श्वभूमी प्रारण : आर्नो पेंझिअस व रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञांना १९६४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल येथील शृंगाकार आकाशकाचा (अँटेनाचा) उपयोग करीत असताना ७·३५ सेंमी. तरंगलांबीवर एक अनपेक्षित गोंगाट आढळला. आकाशक कोणत्याही दिशेस वळविला, तरी या गोंगाटात फरक पडत नव्हता. त्याचे तुल्य तापमान सु. ३·५ के. (केल्व्हिन) येत होते. याच सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट डिक, जेम्स पीबल्स व त्यांचे सहकारी तप्त आद्य विश्वाचे अवशिष्ट प्रारण शोधण्याच्या तयारीत होते. दोन्ही गटांचे लेख १९६५ साली एकत्रित प्रसिद्ध झाले. या शोधाबद्दल पेंझिअस व विल्सन यांना १९७८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

महास्फोट सिद्धांतानुसार या प्रारणाचे स्पष्टीकरण पुढीलप्रमाणे दिले जाते. विश्वाच्या आरंभी द्रव्य व प्रारण ही एकमेकांशी औष्णिक समतोलात होती. विश्व प्रसरण पावता पावता थंड होत गेले व सु. ३,८०,००० वर्षांनी त्याचे तापमान सु. ३,००० के. इतके खाली आले. त्या वेळी इलेक्ट्रॉन व प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजनाचे उदासीन अणू बनले आणि प्रकाशाच्या मार्गातील अडथळा दूर होऊन विश्व पारदर्शक झाले. त्यानंतर हे प्रारण मुक्तपणे प्रवास करीत राहिले. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याची तरंगलांबी सु. १,१०० पट वाढली असून त्याचे तापमान आता २·७२५ के. इतके उरले आहे. दर घन सेंटिमीटर अवकाशात या प्रारणाचे सु. ४११ फोटॉन (प्रकाशकण) आहेत. त्याची तीव्रता १ मिमी.च्या आसपासच्या तरंगलांबीला महत्तम असते.

आद्य तारे व धूलिनिर्मिती : महास्फोटात हायड्रोजन, हीलियम व अत्यल्प लिथियम यांखेरीज उल्लेखनीय प्रमाणात दुसरे कोणतेही मूलद्रव्य निर्माण झाले नाही. धुळीला आवश्यक असणारी कार्बन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह इ. मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतर्भागातच तयार होतात. म्हणून पहिले तारे प्रकाशित होण्यापूर्वी विश्वात धूळ असणे शक्य नव्हते. विश्वाचे वय आता सु. १,३८० कोटी वर्षे असून पहिले तारे महास्फोटानंतर सु. १० ते २० कोटी वर्षांनी निर्माण झाले, असे गणिताने दिसून येते. जड मूलद्रव्यांच्या अभावी त्यांच्या जनक मेघांतील वायू पुरेसा थंड होऊ शकत नसे. त्यामुळे मेघाचे लहान तुकडे न पडता सूर्याच्या दहापट ते काही शेपट द्रव्यमानाचे तारे बनले असावेत, असे मानले जाते. असे तारे अतिशय तेजस्वी व अल्पायुषी असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्यांचे आयुष्य केवळ २०–३० लाख वर्षांचे असते.

अशा ताऱ्याचा शेवट पुष्कळदा अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटाने होतो. बाहेर फेकले गेलेले द्रव्य प्रसरण पावून थंड होते आणि त्याचे तापमान २,००० ते १,००० के. च्या दरम्यान आले की, त्यातील कार्बन, सिलिकेटे, धातूंची ऑक्साइडे इत्यादींचे कण घनरूप धारण करू लागतात. ही क्रिया स्फोटानंतर काही शे दिवसांतच सुरू होते. हे कण साधारणपणे धुरातील कणांइतके, म्हणजे १ मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) शतांशापासून काही दशांशांपर्यंत आकारमानाचे असतात. अतिदीप्त नवतारे खरोखरीच मोठ्या प्रमाणावर धूळ निर्माण करतात, याचा पुरावा मोठ्या मॅगेलनी मेघात १९८७ साली दिसलेल्या अतिदीप्त नवताऱ्यापासून मिळाला. हर्शेल या अवकाशीय दूरदर्शकाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून त्याच्या अवशेषात सूर्याच्या सु. निम्म्या द्रव्यमानाइतकी थंड धूळ असल्याचे अनुमान काढण्यात आले. ही धूळ स्फोटात बाहेर पडलेल्या द्रव्यातच आहे, हे चिलीमधील आल्मा या मिलिमीटर तरंगांच्या दूरदर्शकसमूहाने नंतर दाखवून दिले. तथापि निर्माण झालेली सर्वच धूळ टिकून राहते असे नाही. स्फोटाचा तरंग भोवतालच्या वायूवर आदळून उलट फिरतो, तेव्हा त्यात पुष्कळसे कण नष्ट होतात. सूर्यासारख्या मध्यम द्रव्यमानाच्या ताऱ्यांच्या वार्धक्यातही धूळ निर्माण होते. परंतु त्यासाठी बराच काळ जावा लागत असल्याने आरंभीच्या काही कोटी वर्षांतील धुळीचे श्रेय मुख्यत्वे अतिदीप्त नवताऱ्यांकडेच जाते.

या धुळीचा पुढील पिढीतील ताऱ्यांवरही परिणाम झाला. वायूतील उष्णता कणांकडे व कणांकडून अवरक्त प्रारणाच्या रूपाने बाहेर जाऊ लागल्याने मेघांचे लहान लहान तुकडे पडणे शक्य झाले. सूर्यासारखे कमी द्रव्यमानाचे व दीर्घायुषी तारे निर्माण होण्यास धुळीचे अल्पसे अस्तित्वही कारणीभूत झाले असावे, असे मानतात.

धूलिकणांची प्रारणावरील क्रिया : धूलिकण ताऱ्यांचा दृश्य व जंबुपार प्रकाश शोषून घेतात, काही दशांश केल्व्हिनांपासून कित्येक दशक केल्व्हिनांपर्यंत अधिक तापतात आणि शोषलेली ऊर्जा दूर अवरक्त तरंगलांब्यांवर परत बाहेर टाकतात. अशा रीतीने उच्च ऊर्जेच्या एका फोटॉनाऐवजी अल्प ऊर्जेचे अनेक फोटॉन निर्माण होतात. धूळ ही जणू मोठे नाणे मोडून चिल्लर करून देणारी यंत्रणाच होय.

या क्रियेला दोन मर्यादा आहेत. कणाच्या आकारमानापेक्षा तरंगलांबी जसजशी मोठी होत जाते, तसतशी कणाची शोषणक्षमता झपाट्याने कमी होते. तरंगलांबी दहापट झाली, तर सामान्य कणाची क्षमता दहा ते शंभर पटींनी घटते. एखादा पदार्थ ज्या तरंगलांबीचे शोषण नीट करू शकत नाही, तिचे उत्सर्जनही तो नीट करू शकत नाही. म्हणून धुळीचे प्रारण हे कृष्णिकेच्या (स्वतःवर पडणारे सर्व प्रारण शोषून घेणाऱ्या आदर्श पदार्थाच्या) प्रारणासारखे नसते. दीर्घ तरंगलांब्यांच्या बाजूस ते अपेक्षेपेक्षा फिके पडते.

दुसरी मर्यादा तापमानाची आहे. पार्श्वभूमी प्रारण सर्वत्र पसरलेले असल्याने कोणताही धूलिकण, त्याला थंड करणारी अन्य यंत्रणा नसेल तर, त्याच्यापेक्षा थंड होऊ शकत नाही. पूर्वी हे प्रारण अधिक तप्त होते. प्रकाशाची तरंगलांबी मुळापेक्षा जितक्या पटींनी वाढलेली असते, त्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येस ताम्रच्युती म्हणतात. ताम्रच्युती १० असलेल्या काळी सर्व तरंगलांब्या आताच्या मानाने एक अकरांश होत्या व पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान अकरापट, म्हणजे सु. ३० के. होते. त्या काळातील एखादा कण ताऱ्यांपासून दूर असून नेमका ३० के. तापमानाचा असेल, तर तो जितके प्रारण शोषील तितकेच बाहेर टाकील आणि पार्श्वभूमी प्रारणात काहीही फरक पडणार नाही. मात्र तोच कण ताऱ्याच्या प्रकाशाने ४५ के. पर्यंत तापला, तर त्याचे प्रारण सु. ६५ मायक्रोमीटर तरंगलांबीला महत्तम होईल व आज ते ०·७ मिमी.च्या सुमारास, म्हणजे पार्श्वभूमी प्रारणाच्या महत्तम बिंदूच्या जवळच येऊन पडेल. आद्य धूळ व पार्श्वभूमी प्रारण यांची सरमिसळ होण्याचे कारण हेच आहे.

तारकाप्रकाशापासून पार्श्वभूमी प्रारणाची उपपत्ती : पार्श्वभूमी प्रारण हे मूलतः ताऱ्यांचेच असावे, या कल्पनेला एका लक्षवेधक आकडेवारीचा आधार होता. विश्वातील सामान्य द्रव्याची सरासरी घनता दर चार घनमीटरांत एका हायड्रोजन अणूइतकी आहे व त्यातील सु. एक चतुर्थांश द्रव्यमान हीलियमाचे आहे. हायड्रोजनाचे हीलियमात संमीलन होताना द्रव्यमानाच्या सु. ०·७ टक्के भागाचे ऊर्जेत रूपांतर होते. हे सर्व हीलियम ताऱ्यांतच तयार झाले असे मानले, तर त्या क्रियेत मुक्त झालेली ऊर्जा दर घन सेंटिमीटरास सु. ०·४ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. पार्श्वभूमी प्रारणाची प्रत्यक्ष ऊर्जा दर घन सेंटिमीटरास ०·२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. हे दोन आकडे इतके जवळ यावेत हा केवळ योगायोग नव्हे, असे फ्रेड हॉइल (१९१५–२००१), जेफ्री बर्बिज (१९२५–२०१०) व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. स्थिरस्थिती सिद्धांताच्या पुरस्कर्त्यांना विश्वाची तप्त आद्य अवस्था मान्य नसल्याने त्यांच्या दृष्टीने ही उपपत्ती विशेष मोलाची होती. परंतु ती मांडणारे सर्वच शास्त्रज्ञ महास्फोट सिद्धांताचे विरोधक होते असे नाही. मार्टिन रीस यांनी १९७८ साली असे सुचविले की, दीर्घिका बनण्यापूर्वी अस्तित्वात आलेल्या प्रचंड ताऱ्यांचा प्रकाश त्यांच्याच धुळीने शोषून घेऊन त्याचे पार्श्वभूमी प्रारणात रूपांतर केले असावे. या विचारसरणीत आरंभीचे विश्व थंड किंवा कोमट मानले गेले होते.

सामान्य धूलिकण मिलिमीटर व सेंटिमीटर तरंगांना जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे या उपपत्तीपुढे मोठी अडचण उभी राहत होती. तीवर उपाय म्हणून सुईसारख्या लांबट कणांची कल्पना मांडण्यात आली. व्यास मायक्रोमीटरचा शतांश, पण लांबी मिलिमीटरपर्यंत असलेला ग्राफाइटाचा वा लोहाचा कण लहानशा आकाशकाप्रमाणे वागतो व दीर्घ तरंगांचेही प्रभावीपणे शोषण करतो. या विषयावरील संशोधनात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा लक्षणीय आहे. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५), मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार मधुसूदन चित्रे व एस्. रामदुराई, तसेच श्रीलंकेत जन्मलेले चंद्र विक्रमसिंघे व माइक एडमंड्स यांनी १९७५ साली आंतरतारकीय धूळ व सूक्ष्मतरंग प्रारण यांच्या संबंधावर एक संयुक्त लेख लिहिला. त्यानंतर नारायणचंद्र राणा (१९५४–९६) यांनी धुळीमुळे घडणाऱ्या औष्णिकीकरणाचे सविस्तर गणित केले. अमेरिकेतील एडवर्ड राइट यांनी १९८२ साली लांबट कणांच्या उपपत्तीचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. हॉइल, बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ साली मांडलेल्या स्थिरवत् स्थिती सिद्धांतात या लोहसूच्यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. विश्व दीर्घ कालखंडात आलटून पालटून आकुंचन व प्रसरण पावते आणि पूर्वीच्या आवर्तनांतील ताऱ्यांचा प्रकाश या सूच्यांमुळे सूक्ष्मतरंगांत रूपांतरित होतो, असे त्यात प्रतिपादन केले होते.

निरीक्षणांची कसोटी : या उपपत्तीची खरी कसोटी पार्श्वभूमी प्रारणाच्या वर्णपटाच्या अचूक मापनानेच लागणार होती. जपानमधील नागोया व अमेरिकेतील बर्कली या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी १९८७ साली सोडलेल्या अग्निबाणावरील उपकरणांना १ मिमी.पेक्षा कमी तरंगलांब्यांवर अपेक्षेहून अधिक तीव्रता आढळली. आद्य ताऱ्यांनी तापविलेल्या धुळीचाच हा पुरावा असावा, असे अनेकांना वाटले व तिच्या विविध प्रतिकृती मांडल्या गेल्या. तथापि नोव्हेंबर १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी या उपग्रहाने हे चित्र पालटून टाकले. जॉन मॅथर यांनी जानेवारी १९९० मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत केवळ नऊ मिनिटांच्या निरीक्षणांवरून काढलेला आलेख सादर केला. त्यातील बिंदू कृष्णिकेच्या सैद्धांतिक वक्रावर तंतोतंत बसलेले पाहून श्रोत्यांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. कॅनडातील हर्बर्ट गश व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अग्निबाणाच्या प्रयोगानेही त्याच महिन्यात याला दुजोरा दिला. अधिक तीव्रतेचे आधीचे मापन चुकीचे ठरले. कोबीच्या संपूर्ण निरीक्षणांनुसार प्रारणाचा वर्णपट कृष्णिकेपासून महत्तम तीव्रतेच्या ०·००५ टक्क्यापेक्षा अधिक ढळत नाही. धुळीने तारकाप्रकाशाचे रूपांतर केले असते, तर निरनिराळ्या काळांतील व निरनिराळ्या तापमानांच्या कणांचे प्रारण एकमेकांत मिसळून असा निर्दोष वर्णपट मिळणे अत्यंत कठीण होते. तो मिळण्यासाठी विश्व या सर्व तरंगांना बराच काळ अपारदर्शक असावयास हवे होते.

तसे ते नव्हते, हे अन्य तीन प्रकारच्या निरीक्षणांवरून दिसून येते. पहिली निरीक्षणे प्रारणाच्या पूर्वीच्या तापमानाची आहेत. प्रसरणाबरोबर प्रारण थंड होत गेले असेल, तर प्राचीन काळी ते ठराविक प्रमाणात अधिक तप्त असले पाहिजे. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्रातील (आयुकातील) रघुनाथन श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतीझां व सेड्रिक लेदू यांच्यासमवेत चिलीमधील अतिविशाल दूरदर्शकाच्या साहाय्याने ताम्रच्युती २·३४ असलेल्या एका वायुमेघाचा अभ्यास केला. पलीकडील क्वासाराच्या प्रकाशात या मेघातील कार्बन अणूंनी उमटविलेल्या रेषांवरून तेथील प्रारणाचे तापमान ६ ते १४ के. च्या दरम्यान असल्याचे त्यांनी २००० साली दाखविले. सिद्धांतानुसार ते ९·१ के. असावयास हवे. याच गटाने २००८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडाच्या रेणूंच्या आधारे ताम्रच्युती २·४ च्या सुमारास ९·१५ के. (अधिक-उणे ०·७ के.) हे अधिक अचूक मूल्य मिळविले. तेथे अपेक्षित मूल्य ९·३ के. आहे.

दुसरी निरीक्षणे प्रारणाच्या तीव्रतेतील अतिसूक्ष्म चढउतारांची आहेत. सु. एक लक्षांश प्रमाणातील हे चढउतार कोबीने १९९२ मध्ये उघडकीस आणले आणि डब्ल्यूमॅप (२००१) व प्लांक (२००९) या यानांनी त्यांचे अचूक मापन केले. सु. एक अंश कोनीय अंतरावर सर्वांत ठळक व त्याहून लहान अंतरांवर क्रमाने येणारे असे त्यांचे आवर्ती स्वरूप आहे. आद्य विश्वातील तप्त वायूत उमटलेल्या ध्वनितरंगांचे ते ठसे होत. ताम्रच्युती १० ते २० च्या काळात धुळीने हे प्रारण शोषून पुन्हा बाहेर टाकले असते, तर दाट धुक्यातून दूरचे दिवे वेगवेगळे न दिसावेत त्याप्रमाणे हे ठसे पुसले गेले असते.

तिसरा पुरावा अतिदूरच्या दीर्घिकांचा आहे. ताम्रच्युती १४·२ असलेल्या, म्हणजे महास्फोटानंतर सु. ३० कोटी वर्षांनी दिसणाऱ्या एका दीर्घिकेतील ऑक्सिजनाची रेषा आल्मा दूरदर्शकाने टिपल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ८८ मायक्रोमीटरची ही रेषा पृथ्वीवर सु. १·३ मिमी. तरंगलांबीला, म्हणजे पार्श्वभूमी प्रारणाच्या महत्तम तीव्रतेच्या भागातच मिळते. त्या काळापासून आजपर्यंतचे अवकाश या तरंगांना पारदर्शक असल्याचाच हा प्रत्यक्ष दाखला होय.

हीलियमाच्या आकडेवारीचेही आता वेगळे स्पष्टीकरण दिले जाते. जड मूलद्रव्ये अत्यल्प असलेल्या दीर्घिकांतसुद्धा हीलियमाचे प्रमाण सु. २४ टक्क्यांखाली जात नाही. ते ताऱ्यांत बनले असते, तर त्याबरोबर जड मूलद्रव्येही वाढलेली दिसली असती. शिवाय ताऱ्यांत नष्ट होणारे ड्यूटेरियम विश्वात आढळते, ही गोष्टही हलकी मूलद्रव्ये आद्य तप्त अवस्थेतच तयार झाल्याचे सुचविते. या सर्व कारणांनी पार्श्वभूमी प्रारण धुळीपासून उत्पन्न झाले, ही उपपत्ती बहुसंख्य शास्त्रज्ञांनी सोडून दिली. तथापि तिच्यामुळे प्रारणाच्या वर्णपटाचे व तापमानाचे मापन अधिकाधिक काटेकोरपणे करण्यास चालना मिळाली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

धुळीचा प्रत्यक्ष परिणाम : ताऱ्यांच्या प्रकाशाचे धुळीने केलेले रूपांतर आकाशात स्वतंत्रपणे दिसते. १०० ते २०० मायक्रोमीटरच्या सुमारास महत्तम असलेल्या या अवरक्त पार्श्वभूमीचे अस्तित्व कोबीच्या निरीक्षणांवरून १९९६ ते १९९८ या काळात सिद्ध झाले. विश्वातील ताऱ्यांनी आजवर बाहेर टाकलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा प्रकाश धुळीमुळे या रूपात आलेला आहे. असे असूनही या अवरक्त पार्श्वभूमीची एकूण ऊर्जा सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या केवळ २ ते ३ टक्के भरते, आणि तिचा मोठा हिस्सा आद्य ताऱ्यांचा नसून नंतरच्या दीर्घिकांचा आहे.

आद्य ताऱ्यांचा पार्श्वभूमी प्रारणावरील सर्वांत मोठा ज्ञात परिणाम धुळीमुळे नव्हे, तर इलेक्ट्रॉनांमुळे झालेला आहे. या ताऱ्यांच्या व आरंभीच्या दीर्घिकांच्या जंबुपार प्रकाशाने हायड्रोजनाचे पुन्हा आयनीभवन झाले आणि मुक्त झालेल्या इलेक्ट्रॉनांनी पार्श्वभूमी प्रारणातील सु. ५ टक्के फोटॉनांचे प्रकीर्णन (दिशा बदलून विखुरणे) केले. प्लांक यानाने प्रारणाच्या ध्रुवणावरून (तरंगांची कंपने एका विशिष्ट दिशेत मर्यादित होण्यावरून) हे प्रमाण ठरविले आहे. त्या मानाने धुळीमुळे वर्णपटात पडलेली विकृती इतकी अल्प आहे की, ती अद्याप वेगळी ओळखता आलेली नाही. मात्र ती शून्य असू शकत नाही. वर्णपटाच्या मापनातील अचूकता कोबीच्या शेकडो पटींनी वाढविता आली, तर पहिल्या ताऱ्यांनी किती ऊर्जा बाहेर टाकली व किती धूळ निर्माण केली, याचा हिशेब या विकृतीवरून मांडता येईल.

याउलट पार्श्वभूमी प्रारणाचा धुळीच्या निरीक्षणांवर होणारा परिणाम बराच मोठा आहे. ताम्रच्युती ८ च्या काळी प्रारणाचे तापमान सु. २५ के. होते. त्या काळातील धूळ जेमतेम तितकीच तप्त असेल, तर ती पार्श्वभूमीतून उठून दिसत नाही. दूरच्या दीर्घिकांतील धुळीचे द्रव्यमान काढताना ही बाब विचारात घेतली नाही, तर ते प्रत्यक्षाहून कमी भरते.

आकाशगंगेतील धुळीचा अडथळा : आपल्या आकाशगंगेतील धूळ ही पार्श्वभूमी प्रारणाच्या अभ्यासातील मोठी अडचण आहे. सु. २० के. तापमानाची ही धूळ निरीक्षक व पार्श्वभूमी यांच्या दरम्यान पडद्यासारखी पसरलेली आहे. तिचे लांबट कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ठराविक दिशेत वळलेले असल्याने तिचे प्रारण ध्रुवित असते. दक्षिण ध्रुवावरील बायसेप–२ या उपकरणाच्या निरीक्षकांनी मार्च २०१४ मध्ये असे जाहीर केले की, आद्य विश्वातील गुरुत्वीय तरंगांनी पार्श्वभूमी प्रारणात उमटविलेले विशिष्ट ध्रुवण त्यांना आढळले आहे. हा शोध खरा ठरता, तर विश्वाच्या पहिल्या क्षणातील अतिवेगवान प्रसरणाचा तो पुरावा झाला असता. परंतु हे निरीक्षण १५० गिगॅहर्ट्‌झ या एकाच कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) केलेले होते, त्यामुळे धुळीचे प्रारण त्यातून वेगळे काढता येत नव्हते. प्लांक यानाने ३५३ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर केलेल्या मापनाशी तुलना केल्यावर, आढळलेल्या संकेताचा मोठा भाग आकाशगंगेतील धुळीचाच असल्याचे दिसून आले व २०१५ च्या आरंभी दोन्ही गटांनी संयुक्तपणे तसे प्रसिद्ध केले. तेव्हापासून अशा प्रयोगांत अनेक कंप्रतांवर एकाच वेळी निरीक्षणे घेण्यावर भर दिला जातो.

अलीकडील संशोधन : आद्य धुळीचा प्रत्यक्ष शोध आता शक्य झाला आहे. ताम्रच्युती ७ हून अधिक असलेल्या एका सामान्य दीर्घिकेत आल्माला २०१५ मध्ये धूळ आढळली, तर २०१९ मध्ये ताम्रच्युती ८·३ असलेल्या दीर्घिकेत सूर्याच्या कित्येक लाखपट द्रव्यमानाची धूळ असल्याचे दिसून आले. त्या वेळी विश्वाचे वय जेमतेम ६० कोटी वर्षे होते. जेम्स वेब अवकाशीय दूरदर्शकाच्या साहाय्याने २०२३ मध्ये ताम्रच्युती ६·७ असलेल्या दीर्घिकेच्या वर्णपटात २१७·५ नॅनोमीटरजवळील खाच आढळली. ही खाच कार्बनयुक्त कणांची निदर्शक मानली जाते. इतक्या थोड्या अवधीत इतकी धूळ कशी साचली, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

आरंभीच्या काळात अपेक्षेपेक्षा अधिक तेजस्वी दीर्घिका आढळू लागल्याने जुना वादही पुन्हा डोके वर काढीत आहे. एडा जेर्गो व पाव्हेल क्रूपा यांनी २०२५ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रचंड विवृत्ताभ दीर्घिकांच्या अतिजलद निर्मितीच्या वेळी बाहेर पडलेल्या व धुळीने रूपांतरित केलेल्या ऊर्जेचा पार्श्वभूमी प्रारणातील वाटा किमान १·४ टक्के असू शकेल व विशिष्ट गृहीतांखाली तो संपूर्ण प्रारणाइतकाही येऊ शकेल. या मताला सर्वसाधारण मान्यता मिळालेली नाही; कारण निव्वळ ऊर्जेचा मेळ बसणे पुरेसे नसून कृष्णिकेचा निर्दोष वर्णपट, तापमानातील वाढ व ध्वनितरंगांचे ठसे या तिन्ही गोष्टींचे स्पष्टीकरण त्याच उपपत्तीने द्यावे लागते. पार्श्वभूमी प्रारणाच्या उगमासंबंधीच्या कोणत्याही नव्या मताला याच कसोट्यांना उतरावे लागेल. आद्य ताऱ्यांच्या धुळीने पार्श्वभूमी प्रारण निर्माण केले नसले, तरी त्या ताऱ्यांचा इतिहास या प्रारणात अत्यंत फिक्या अक्षरांत लिहिलेला आहे व तो वाचण्यासाठी लागणारी सूक्ष्मग्राही उपकरणे तयार करणे, हे या क्षेत्रातील पुढील काळाचे प्रमुख उद्दिष्ट राहील.